चरक विकायचा की गाळप?

नोकरीचं पहिलंच वर्ष. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला आमचा छोटा कारखाना गुऱ्हाळांसाठी उसाचे चरक बनवायचा. एक दिवस मालक म्हणाले, "चरक विकायचाच नाही. गुऱ्हाळावर नेऊन बसवायचा आणि गाळलेल्या टनामागे पैसे घ्यायचे. फिटर, सुटे भाग सगळं आपलं. जमतंय का बघ."

कल्पना तशी जुनी. 1962 मध्ये ब्रिस्टल सिडली कंपनीने व्हायपर विमान-इंजिनासाठी 'पॉवर बाय द अवर' योजना काढली होती. इंजिन जितके तास उडेल तितक्या तासांचे पैसे, देखभाल कंपनीकडे. पुढे ही कंपनी रोल्स-रॉईसने घेतली. अशा सौद्यात यंत्र बंद पडलं की तोटा आपल्या खिशातून जातो, म्हणून यंत्र कसं असावं आणि सेवा कशी द्यावी हे एकत्रच ठरवावं लागतं.

हे जमतंय का ते संगणकावर खोटं खोटं चालवून बघायला मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली सिमपाय ही फुकट लायब्ररी घेऊन बसलो. नव्यांनी सुरुवात इथूनच करावी, महागड्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये. मॉडेल साधं होतं: चरक बिघडतो, तक्रार रांगेत लागते, फिटर मोकळा झाला की जातो. 40 चरक, प्रत्येकी वर्षाला सहा बिघाड, म्हणजे 240. प्रवासासह एका दुरुस्तीला एक दिवस. 365 दिवसांत 240 कामं, एक फिटर पुरेल! मी ऐटीत आलेख छापून नेला.

जुन्या फिटरमामांनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, "जून-जुलैत कुठलं गुऱ्हाळ चालू असतंय?"

लाज वाटली. गुऱ्हाळं मुख्यतः दिवाळीच्या आसपास पेटतात आणि उन्हाळा लागला की थंडावतात. हंगाम 150 दिवसांचा धरला की रोज 1.6 बिघाड. एक फिटर रोज मागेच पडत जातो. दोन ठेवले तर भागतं, पण ते 80 टक्के वेळ गुंतलेले असतात आणि तक्रारदाराला फिटर मोकळा व्हायलाच सरासरी पावणेदोन दिवस थांबावं लागतं. तोवर तोडलेला ऊस वाळतो, रसाची गोडी उतरते, गूळ करणारा गुळव्या आणि चुलवाणावरचे गडी बसून मजुरी घेतात. तो गुऱ्हाळमालक टनाचे पैसे देईल का?

तिसरा फिटर ठेवावा, असं पटकन सुचतं. मी तेही चालवून बघितलं. पगार जड होत होता. मग सहज म्हणून फिटर दोनच ठेवले आणि दुरुस्तीचा वेळ अर्धा दिवस केला. पावणेदोन दिवसांची वाट एकदम तासाभरावर आली. वेळ निम्मा केला तर वाटही निम्मी होईल असं मी धरून चाललो होतो. रांगेचं गणित तसं सरळ चालत नाही. फिटर जितका गच्च गुंतलेला, तितका त्याचा थोडासा मोकळा वेळही लाखमोलाचा.

पण अर्धा दिवस आणायचा कुठून? बुश, म्हणजे रोलरचा दांडा ज्यात फिरतो ते झिजणारं कडं, बदलायला गिअर उतरवून अख्खा रोलर काढावा लागायचा. बुश ज्यात बसतो ते घर, म्हणजे हाउसिंग, दोन तुकड्यांत केलं तर रोलर जागेवर ठेवूनच काम होईल. म्हणजे सेवेचा प्रश्न ड्रॉइंगवर येऊन थांबला. शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना, अजून टाकला नव्हता, त्यामुळे बदल खोडरबराच्या खर्चात होणार होता. पॅटर्न झाल्यावर हीच गोष्ट सुचली असती तर मालकांनी मला काहिलीतच घातलं असतं.

नवं ड्रॉइंग घेऊन पुन्हा मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, खालच्या बोल्टवर बोट ठेवलं. "हितं चिपाडाचा पत्रा येतोय. पाना कुठनं घालणार?"

माझा अर्ध्या दिवसाचा हिशेब तिथंच कोलमडला. बोल्ट वरून घेतला, दुरुस्तीचा वेळ मामांना विचारून पाऊण दिवस धरला आणि रात्री मॉडेल परत चालवायला लावलं.