एसएफपी मॉड्यूल नसताना कोसळणारा नेटवर्क ड्रायव्हर
नेटवर्क पोर्टमध्ये एसएफपी मॉड्यूल (केबल जोडण्यासाठी पोर्टमध्ये बसवायचा, काढता-घालता येणारा छोटा ट्रान्सीव्हर) नसणे हा बिघाड नसून नेहमीचीच स्थिती आहे. लिनक्सच्या ज्या ड्रायव्हरमध्ये तिचा विचार केलेला नसतो, तो प्रोबच्या (उपकरण ओळखून सुरू करण्याच्या) वेळीच अपयशी ठरतो किंवा एथटूल या नेटवर्क तपासणीच्या आज्ञेने मॉड्यूलची माहिती मागताच नल (कोणत्याही वैध जागेकडे न रोखलेला) पॉइंटर वापरून कर्नलमध्ये ऊप्स (गंभीर त्रुटी) घडवून आणतो. अशा वेळी प्रोब रद्द करू नये; इंटरफेस नोंदवून घ्यावा, कॅरिअर (जोडणी चालू असल्याची खूण) बंद ठेवावा आणि मॉड्यूल नंतर केव्हाही बसवले जाईल असे धरून चालावे.

मॉड्यूलची उपस्थिती ‘मॉड-अ‍ॅब्स’ या पिनवरून कळते. बोर्डावरील पुल-अप रोधकामुळे ती उच्च पातळीवर असते आणि बसवलेले मॉड्यूल तिला ग्राउंडशी जोडते. म्हणजे उच्च पातळीचा अर्थ ‘मॉड्यूल नाही’ असा होतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरील हार्डवेअरच्या वर्णनात) ही पिन वाचणाऱ्या जीपीआयओची (सर्वसाधारण वापराच्या पिनची) सक्रिय पातळी उलटी नोंदली गेली असेल, तर सी कोड कितीही चाळला तरी चूक सापडणार नाही, म्हणून आधी तेथेच पाहावे.

केवळ पिन तपासूनही भागत नाही, कारण तपासणी आणि वाचन यांच्या मधल्या क्षणी मॉड्यूल काढले जाऊ शकते. आयटूसी या दोन तारांच्या बसवर, षोडशमान पद्धतीतील ५० या पत्त्यावरचे ईईप्रॉम (मॉड्यूलची माहिती साठवणारी स्मृती) वाचताना ‘आयटूसी ट्रान्सफर’ हे फंक्शन यशस्वी झाल्यास शून्य नव्हे, तर पार पडलेल्या संदेशांची संख्या परत करते, त्यामुळे ‘शून्य नसेल तर त्रुटी’ ही सवयीची अट येथे चुकते. अपेक्षित संख्या न मिळाल्यास बफरमधील मजकूर वापरू नये, आणि त्याची नोंद डीबग पातळीवरच ठेवावी, अन्यथा रिकाम्या पोर्टच्या प्रत्येक तपासणीबरोबर लॉग भरत राहील.