लग्न नाही, फ्लॅट दोघांच्या नावावर, आणि आता वेगळं व्हायचंय? या चुका टाळा

दस्त लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. हल्ली एक नवीन गिऱ्हाईक वाढलंय, लग्न न करता एकत्र राहिलेले, हौसेनं दोघांच्या नावावर फ्लॅट घेतलेले आणि आता एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेले. नात्याबद्दल मला काय बोलायचं नाही, पण कागदाच्या बाबतीत सगळे त्याच खड्ड्यात पडतात.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे शंभरच्या स्टॅम्पवरची नोटरी. २०२४ पासून शंभरचा बंद होऊन पाचशेचा लागतो, चूक तीच, फक्त महाग झाली. कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूचा एक फ्लॅट होता, कर्ज फिटलेला. तिनं 'माझा काही हक्क राहिला नाही' असं लिहून दिलं, नोटरीचा शिक्का मारला, दोन मित्र साक्षीदार, आणि ती गेली पुण्याला. दोन वर्षांनी तो फ्लॅट विकायला निघाला आणि तो कागद माझ्यापुढं ठेवला, चक्क लॅमिनेट करून! म्हटलं दादा, हे आता भिंतीला लावा. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्यावर, नावं दोघांचीच. घराचा हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडं नोंदवावाच लागतो, १९०८ चा नोंदणी कायदा आहे, तरी प्रत्येकाला काल आल्यासारखा वाटतो. बरं, हक्कसोड, म्हणजे हिस्सा सोडल्याचा दस्त, नोंदवू म्हटलं तर पुढचा धक्का. नाममात्र स्टॅम्पवर होतं ते वडिलोपार्जित मिळकतीचं आणि जवळच्या नात्यातलं, बक्षीसपत्राची सवलत पण नवरा-बायको, मुलं-नातवंडं अशा जवळच्या नात्यालाच. पार्टनर कायद्याला परकाच, म्हणून सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारभावावर खरेदीखतासारखी ड्युटी. चाळीस लाखांचा फ्लॅट, निम्मे वीस, म्हणजे लाख-सव्वालाख गेले. त्यात ती फोन उचलेना. शेवटी तिच्या आईला मध्ये घातलं तेव्हा आली, सही केली, अंगठा दिला, फोटो काढला आणि त्याच्याकडं न बघता रिक्षा करून स्टँडला गेली. तेव्हाच पाऊण तास काढला असता तर?

दुसरी चूक कर्जाची. दस्तातनं नाव निघालं म्हणजे कर्जातनं निघालं असं नसतं हो. कर्जाला दोघांच्या सह्या असतील तर बँक अख्खी वसुली कुणाकडूनही करू शकते. राजारामपुरीतल्या एकानं हिस्सा सोडला, मोकळा झालो म्हणाला, तिकडं तिचे हप्ते थकले आणि ह्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, झोपला, नवीन गाडीचं कर्ज नाकारल्यावर कळलं. मी आता बँकेचं लेखी पत्र बघितल्याशिवाय हक्कसोड लिहायलाच घेत नाही. आधी बँक, मग दस्त, शेवटी चावी. लोक चावीपासून सुरू करतात.

कुणी किती पैसे घातले ते दाखवता न येणं हे पण नेहमीचंच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सोपं आहे, आपापल्या पैशातनं घेतलं असेल तर ज्यानं जेवढे घातले तेवढा हिस्सा, आणि पुरावाच नसेल तर समान धरतात. आता हप्त्याचे पैसे जीपेनं पाठवताना रिमार्कमध्ये लाल बदाम टाकलाय, 'फ्लॅट हप्ता' कुठंच नाही, मग काय दाखवणार? मी बँक स्टेटमेंटची प्रिंट काढायला लावतो आणि लाल पेनानं एकेक ओळ खूण करून घेतो, कंटाळतात, पण करतात.

कुलूप बदलू नका. हिस्सेदाराला बाहेर काढता येत नाही, आणि नवरा-बायकोसारखं राहिलेल्या बाईला २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात त्या घरात राहायचा हक्क मागता येतो.

फॅमिली कोर्टात घटस्फोटासारखं वाटप मागायला जाऊ नका, हा दिवाणी कोर्टातला वाटपाचा दावा. फ्लॅट मधनं कापता येत नाही, म्हणून कोर्ट तो विकून पैसे वाटायला लावू शकतं. परवा एकजण म्हणाला, २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं की कोल्हापुरात, डायरेक्ट तिथंच टाकूया. घाईला औषध नाही.

किमतीसाठी रेडी रेकनरवर, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्यावर, भांडू नका, तो ड्युटीसाठी असतो, दोघांनी मिळून किंमत काढणारा एक व्हॅल्युअर धरा.

आणि दस्त झाला की घरफाळा, पाणी, लाइट बिल, सोसायटीचा शेअर दाखला, सगळीकडची नावं बदला. रंकाळ्याच्या त्या फ्लॅटच्या लाइट बिलाचा मेसेज अजून तिच्याच मोबाइलवर जातो, परवा वैतागून तिनं मलाच फोन केलता.