काळ्या मातीवरचं सरकतं फाटक अडकतंय? आधी ट्रॅक बघा

गोदामाचं किंवा वाड्याचं फाटक एकाच जागी अडत असेल तर दोष ट्रॅकचा. सगळ्या लांबीभर जड जात असेल तर चाकांचा. वरचे गाइड रोलर (फाटक उभं धरणारी वरची चाकं) आवळून फाटक सुधारत नाही, उलट जाम होतं.

चाकं बदलताना फाटक साखळीने खांबाला बांधा, मगच जॅक लावा. ते पडू शकतं त्या बाजूला कोणालाही उभं राहू देऊ नका. दोन्ही चाकं एकदमच बदला. बेअरिंगचा नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो.

आता ट्रॅक. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर नुसता चार इंच काँक्रीटचा पट्टा ओतला की तो एका पावसाळ्यात मधोमध उचलला जातो, आणि मिस्त्री ठोकून बसवायला येतो. ठोकू नका, उकरा.

दीड फूट रुंद, दोन फूट खोल चर खणून काळी माती लांब टाका. तिच्यातलीच माती परत भरली तर सगळी मेहनत वाया. चरात मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरा, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसाने ठोका. नुसती गिट्टी किंवा वाळू भरू नका. चरात पाणी साचतं आणि आजूबाजूची माती आणखी फुगते. टिनाच्या पागोळ्याही ट्रॅकवर पडता कामा नयेत.

मुरुमावर नऊ बाय नऊ इंचांचा बीम ओता: १० मिमीच्या चार सळया, आठ इंचांवर रिंगा, सिमेंट-वाळू-गिट्टी १:१.५:३. दीड-दीड फुटावर होल्डफास्ट, म्हणजे ट्रॅक वेल्ड करायला काँक्रीटमध्ये रोवलेले लोखंडी तुकडे, वर काढून ठेवा. बीमवर ओली पोती टाकून किमान सात दिवस पाणी द्या.

मग ४० मिमीचा अँगल (L आकाराची लोखंडी पट्टी) कोपऱ्याची धार वर करून होल्डफास्टवर ठेवा, हाच ट्रॅक. खाचेचा ट्रॅक घेऊच नका, तुरीचं कुटार आणि चिखल त्यात बसतो. लेव्हल पाण्याच्या नळीने घ्या. उतार राहिला तर फाटक आपोआप पळतं. लाइनदोरी ताणून बघा. दोरी आणि धार यांत काडीपेटीची काडी शिरली तर परत सरळ करा. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारा, पुन्हा दोरी लावा, मग एक टाका इथे, एक तिकडे असं वेल्डिंग करा. एका टोकाकडून सलग वेल्डिंग केलं की तापून अँगल वाकतो.

ट्रॅकवर ग्रीस नको, धूळ चिकटते. गाइड रोलर आणि फाटक यांत दोन-तीन मिमी फट ठेवा. दोन्ही टोकांना वेल्ड केलेले स्टॉपर हवेतच. भरलेली ट्रॉली मात्र २८ दिवस बीमवरून नेऊ नका.