शाळेच्या संगणकांसाठी क्युबिकने इमेज तयार करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी शाळांना आणि वाचनालयांना संगणकांवर लिनक्स बसवायचे असते, तेव्हा खरी मेहनत बसवण्यात नसून त्यानंतरच्या कामात असते. मराठी आणि कन्नड असे दोन्ही कळफलक, दोन्ही लिप्यांचे फाँट, लिबरऑफिस, मुलांचे शैक्षणिक प्रोग्रॅम हे सगळे प्रत्येक संगणकावर वेगळे बसवावे लागते. त्यापेक्षा हे बदल आधीच केलेली एकच आयएसओ इमेज (संपूर्ण प्रणाली जिच्यातून बसवता येते अशी एक फाइल) तयार करून ती सर्वत्र वापरणे सोयीचे ठरते. उबुंटू, डेबियन आणि लिनक्स मिंट यांसारख्या प्रणालींसाठी हे काम खिडक्या आणि बटणांच्या मदतीने करून देणारे क्युबिक हे साधन मोफत मिळते. त्याचे नाव ‘कस्टम उबुंटू आयएसओ क्रिएटर’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे.

क्युबिकच्या पायऱ्या सोप्या आहेत. तरीही इमेज बिघडते, ती बहुधा एकाच गैरसमजामुळे: आपण एक संगणक सजवत आहोत, असे धरून माणूस काम करतो. वस्तुतः तंबाखूचा तरवा टाकावा तसे हे काम असते. तरव्यात शिरलेली कीड पुढे शिवारभर लावली जाते. म्हणून जे एका यंत्रापुरते आहे ते इमेजमध्ये राहू नये, आणि जे सर्वांना हवे आहे ते एखाद्या वापरकर्त्याच्या खात्यात न ठेवता प्रणालीच्या जागी ठेवावे.

कळफलक लावला, पण बसवल्यावर दिसत नाही

ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आहे. क्युबिकच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, आपण रूट (सर्वाधिकारी) वापरकर्ता म्हणून काम करत असतो. तेथे जीसेटिंग्ज या मांडणी बदलणाऱ्या साधनाची आज्ञा देऊन कळफलक किंवा पार्श्वचित्र बदलले, तर तो बदल फक्त रूटच्या खात्यात नोंदवला जातो आणि शाळेत बसवताना तयार होणाऱ्या नव्या खात्याला त्याचा पत्ताही लागत नाही. नोम या डेस्कटॉपवर आधारलेल्या उबुंटूमध्ये अशा मूल्यांसाठी ग्लिबच्या स्कीमा फोल्डरमध्ये (जेथे सर्व खात्यांची मूळ मूल्ये ठरतात) ती मूल्ये बदलणारी ओव्हरराइड फाइल ठेवावी आणि त्यानंतर स्कीमा पुन्हा कंपाइल कराव्यात. ही शेवटची पायरी विसरली, तर फाइल असूनही तिचा काहीच उपयोग होत नाही. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची मांडणी किंवा फायरफॉक्सची प्रोफाइल यांसारख्या ज्या गोष्टी फाइलच्या रूपात खात्यात राहतात, त्या इटीसी फोल्डरमधील ‘स्केल’ या उपफोल्डरमध्ये ठेवाव्यात, कारण नवे खाते तयार होताना तेथील सर्व फाइलींची प्रत त्यात उतरते. मात्र आधीच अस्तित्वात असलेल्या खात्यात हे आपोआप जात नाही. टर्मिनलमध्येच ‘विद्यार्थी’ नावाचे खाते तयार करून ठेवण्याचा मोह टाळावा. ते बसवण्याच्या वेळी तयार होणाऱ्या खात्याच्या आड येऊ शकते.

आपल्या भागात कोणता कळफलक द्यायचा, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. कर्नाटकात सरकारी कामासाठी नुडी या कन्नड टंकन प्रोग्रॅमची सवय असलेली मंडळी कन्नड गणक परिषदेच्या मांडणीवर टंकन करतात. त्यांच्यासमोर इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी ठेवली, तर कन्नड अर्ज टाइप होत नाही म्हणून संगणकालाच दोष दिला जातो. लिनक्समध्ये ही मांडणी ‘कागपा’ या नावाने कन्नडसाठी उपलब्ध आहे आणि मराठीसाठीही तिचा एक प्रकार आहे. माझ्या मते दोन्ही भाषांसाठी कागपा आणि इनस्क्रिप्ट हे दोन्ही पर्याय यादीत ठेवावेत, कारण शाळेत शिकवणारे आणि बाहेर अर्ज भरणारे यांचे हात वेगवेगळ्या मांडणीवर बसलेले असतात. देवनागरी व कन्नड फाँटांची पॅकेजेस आणि मराठी व कन्नड लोकेल (भाषा आणि प्रदेशाची मांडणी) हेही क्युबिकच्या टर्मिनलमध्येच तयार करून घ्यावे.

इमेज सुरू होताना मध्येच थांबते

क्युबिकमध्ये सर्व पॅकेजेस अद्ययावत केली की बहुधा नवा कर्नलही (प्रणालीचा गाभा) येतो. इमेज सुरू करणारा कर्नल आणि तिच्या आतील मॉड्यूल (कर्नलला जोडले जाणारे भाग) यांची आवृत्ती एकच नसेल, तर संगणक काळ्या पडद्यावर अडकतो किंवा सुरू झाला तरी वायफाय आणि माउस चालत नाहीत. क्युबिकमध्ये कर्नल निवडण्याचे एक स्वतंत्र पान येते. घाईने पुढे न जाता तेथे, आत बसवलेला नवीन कर्नलच निवडला आहे ना, हे पाहावे. जुन्या लॅपटॉपवरील ब्रॉडकॉम वायफायसाठी डीकेएमएसचे (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देणाऱ्या साधनाचे) ड्रायव्हर घालत असाल तर जास्त सावध राहावे: कर्नलची आवृत्ती विचारली असता क्युबिकचे टर्मिनल आपल्या संगणकावर चालू असलेल्या कर्नलचे नाव सांगते, इमेजमधील कर्नलचे नव्हे. ड्रायव्हर नेमका कशासाठी बांधला गेला, हे डीकेएमएसच्या स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेने तपासावे आणि इमेजमधील कर्नलचे हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) आधी बसवावेत.

त्याच टर्मिनलमध्ये सेवा (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम) सुरू होत नाहीत आणि स्नॅप (उबुंटूची वेगळ्या प्रकारची पॅकेजेस) बसत नाहीत. तो बिघाड नाही. तेथे सेवा चालवणारा सिस्टीमडी हा प्रोग्रॅम चालूच नसतो. सेवा फक्त सक्षम करून ठेवावी, ती पुढे संगणक सुरू झाल्यावर आपोआप चालू होईल.

सगळ्या संगणकांची ओळख एकच होणे

यंत्राचा ओळखक्रमांक असलेली मशीन-आयडी फाइल इमेजमध्ये भरलेली राहिली, तर प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणक तोच क्रमांक घेऊन फिरतो आणि काही जोडण्यांमध्ये राउटर दोन संगणकांना एकच पत्ता देऊ शकतो. फाइल काढून न टाकता रिकामी ठेवावी. पहिल्यांदा सुरू होताना प्रणाली नवा क्रमांक तयार करते. दूरून संगणक हाताळू देणारा ओपनएसएसएचचा सर्व्हर बसवला असेल तर त्याच्या होस्ट किल्ल्या (संगणकाची ओळख पटवणाऱ्या) बसवतानाच तयार होतात, आणि मग एका संगणकाची किल्ली म्हणजे सगळ्यांची किल्ली होते. त्या नुसत्या पुसून भागत नाही. उबुंटूमध्ये त्या आपोआप परत तयार होत नाहीत, त्यामुळे पहिल्या वेळी नव्या किल्ल्या तयार करणारी एक छोटी सेवा घालावी. आज्ञांचा इतिहास आणि नेटवर्कमॅनेजरमध्ये साठवलेला घरचा वायफाय पासवर्डही पुसावा, कारण पेनड्राइव्ह एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्यास वेळ लागत नाही.

जागा, पेनड्राइव्ह आणि चाचणी

क्युबिकचे प्रोजेक्ट फोल्डर विंडोजच्या एनटीएफएस विभाजनावर ठेवू नये. फाइलींचे मालक आणि परवानग्या तेथे टिकत नाहीत. ईएक्सटी-४ विभाजनावर किमान २० ते २५ जीबी मोकळी जागा ठेवावी. मूळ आयएसओ उतरवून घेतल्यावर तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आली हे दाखवणारा आकडा) जुळतो का, हे सुरुवातीलाच पाहावे. पॅकेजेस बसत असताना वीज गेली, तर प्रोजेक्ट टाकून देण्याची गरज नसते. पुन्हा उघडून अर्धवट राहिलेली पॅकेजेस डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या कॉन्फिगर आज्ञेने पूर्ण करून घेता येतात. इमेजमधील फाइली दाबून लहान करण्याच्या पद्धतींपैकी एक्सझेड सर्वांत लहान इमेज देते, पण ती तयार करायला आणि जुन्या संगणकावर उलगडायला सावकाश असते. झेडस्टँडर्ड किंवा जीझिप पुरेसे आहे.

आयएसओमधील फाइली पेनड्राइव्हवर नुसत्या कॉपी करू नयेत. पेनड्राइव्हवर बहुधा असणाऱ्या फॅट-३२ मांडणीत ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, आणि भरपूर प्रोग्रॅम घातलेल्या इमेजमधील मुख्य फाइल ती मर्यादा ओलांडते. इमेज पेनड्राइव्हवर लिहिणारे एचर वापरावे किंवा तशाच रुफस या साधनात डीडी पद्धत (इमेज जशीच्या तशी उतरवणारी) निवडावी.

क्युबिकमधील चाचणी पाहून, न बसवता चालणाऱ्या लाइव्ह पडद्यावर समाधान मानू नये. व्हर्च्युअल यंत्रात ती इमेज पूर्ण बसवावी, नवे खाते तयार करावे आणि त्या खात्यात शिरून मराठी व कन्नड दोन्ही टाइप करून पाहावे. संगणक सुरू करण्याच्या जुन्या बायोस आणि नव्या यूईएफआय या दोन्ही पद्धतींवर इमेज सुरू होते का तेही पाहावे, आणि सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले घटक चालू देणारी सोय) चालू असलेल्या संगणकावर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर चालणार नाही, हे ध्यानात ठेवावे. उबुंटू २४.०४ ची इमेज अनेक थरांची असल्यामुळे क्युबिकची नवी आवृत्तीच घ्यावी. बदललेली इमेज बाहेर वाटायची असेल, तर ती ‘उबुंटू’ या नावाने वाटण्यासाठी उबुंटू तयार करणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीची परवानगी लागते. वेगळे नाव आणि चिन्ह देणे बरे.

केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद साध्या मजकूर फाइलमध्ये, आज्ञांसह, क्रमाने ठेवावी. पुढची आवृत्ती आली की तोच क्रम नव्या आयएसओवर पुन्हा करावा लागतो.