आखाजी ते बुद्धपौर्णिमा: घरीच करावयाचे करुणा-ध्यानाचे शिबिर

खानदेशात ध्यानाचे शिबिर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इगतपुरीचे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आणि तेथील दहा दिवसांचे मौन येते. परंतु ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत, दावणीला जनावरे आहेत किंवा दुकान उघडायला दुसरे माणूस नाही, त्यांना दहा दिवस घर सोडणे शक्य नसते. अशांनी एका संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी संपणारे शिबिर घरीच करावे. ते विपश्यनेच्या बरोबरीचे नाही आणि तसा दावाही नाही. मात्र करुणा-भावनेच्या, म्हणजे मनात करुणा रुजवण्याच्या साधनेच्या बाबतीत घर हे उत्तम स्थान आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण ज्यांच्याविषयी मन कठोर झालेले असते ती माणसे डोंगरावरच्या शिबिरात नसतात. ती शेजारच्या खोलीत, गल्लीत किंवा शेताच्या बांधापलीकडे असतात.

काळ निवडायचा तर आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि वैशाख पौर्णिमा यांच्यामधले बारा दिवस शेतकरी कुटुंबाला सोयीचे असतात. आखाजीला जुन्या सालदाराचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचा, हिशेब होऊन नव्याचे साल सुरू झालेले असते, रब्बीचा माल घरी आलेला असतो आणि कपाशीच्या लागवडीची धांदल अजून सुरू व्हायची असते. माहेरी आलेल्या लेकी सासरी परतल्या की घरही थोडे शांत होते. अडचण उन्हाचीच आहे. जळगाव-भुसावळकडे या दिवसांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून मुख्य बैठका पहाटे साडेचार ते आठ आणि सायंकाळी सहानंतर ठेवाव्यात आणि दुपारी घरातील सर्वांत थंड खोलीत लहान बैठका कराव्यात. कूलरचा आवाज व्यत्यय मानू नये.

बसण्याच्या जागेपेक्षा कामाची वाटणी आधी ठरवावी. घरातील एकाने मौन धरायचे आणि दुसरीने नेहमीप्रमाणे तिन्ही वेळचा स्वयंपाक करून त्याच्यापुढे ताट आणून ठेवायचे, अशी व्यवस्था असेल तर करुणेचा आरंभच चुकतो. शिबिर करणाऱ्याने आदल्या दिवशी भाज्या निवडून, पाणी भरून आणि घरच्यांची कामे शक्य तेवढी आटोपून द्यावीत. गृहिणीला शिबिर करायचे असेल तर त्या दिवसाची चूल इतरांनी सांभाळावी, आणि हे तिने मागून घेण्यापूर्वीच त्यांनी सांगावे. लहान मुलांना मौनाचा अर्थ समजावून सांगावा. एखादे मूल पडले, रडले, तर मौन सोडून त्याला उचलून घ्यावे. त्यात काहीही मोडत नाही.

आरंभीच्या सायंकाळी दिवा लावून त्रिशरण घ्यावे, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जावे, आणि पंचशीलाच्या पाच नियमांऐवजी एका दिवसापुरते आठ नियमांचे अष्टशील ग्रहण करावे. अष्टशीलात माध्यान्हानंतर जेवण वर्ज्य असते. दुपारी बाराच्या आत साधे जेवण घ्यावे, म्हणजे ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, पातळ वरण आणि एखादी कमी तिखटाची भाजी. शेवभाजी आणि ठेचा त्या दिवशी टाळावा, कारण तिखट-तेलकट जेवणानंतर दुपारची बैठक झोपेत जाते. संध्याकाळी गाळलेला फळांचा रस चालतो. विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात त्यांना ज्या आठ पेयांची मुभा दिली आहे, त्यांत आंबा, जांभूळ, केळी आणि द्राक्ष यांचे रस आहेत, हे रावेर-यावलच्या केळीवाल्यांना ऐकून आनंद होईल. मधुमेह असणाऱ्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि वेळेवर औषध घेणाऱ्यांनी मात्र रात्रीचे जेवण सोडू नये, आणि पाणी तर कोणीही कमी करू नये.

मोबाइल बंद करून घरातील दुसऱ्या माणसाकडे द्यावा. समोर बुद्धाचे चित्र असावेच असा नियम नाही. पण ठेवायचे असेल तर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीचे चित्र या साधनेला विशेष अनुरूप आहे. जळगावपासून साठेक किलोमीटरवर असलेले हे पाचव्या शतकातील भित्तिचित्र आपल्यापैकी अनेकांनी सहलीच्या गर्दीत घाईने पाहिलेले असते. त्याच्याकडे आता सावकाश पाहावे. एका बाजूला किंचित कललेले मस्तक, हातात कमळ आणि अर्ध्या मिटलेल्या, खाली वळलेल्या पापण्या. त्या चेहऱ्यावर दुःखाची जाणीव आहे, पण व्याकुळता नाही; करुणेत मनाची जी अवस्था अपेक्षित आहे ती नेमकी हीच.

पहाटेच्या पहिल्या बैठकीत केवळ श्वासाकडे लक्ष द्यावे. चटईवर मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्ची चालते, पाठ मात्र सरळ असावी. पाऊण तास बसून झाल्यावर वीस मिनिटे धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) किंवा ओसरीत संथपणे चालावे आणि पुन्हा बसावे. दुसऱ्या बैठकीत मैत्री-भावना घ्यावी: प्रथम स्वतःसाठी, नंतर ज्यांच्याविषयी मनात निखळ आदर आहे अशा व्यक्तीसाठी, ‘सुखी असो, निर्वैर असो’ ही कामना करावी. हा पाया आहे आणि तो घाईने उरकू नये. पण दिवसाचे मुख्य काम पुढचे आहे.

पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा (येथे अर्थ समभाव) या चार ब्रह्मविहारांची, म्हणजे मनाच्या चार उदात्त अवस्थांची पद्धत सविस्तर दिली आहे. करुणेचा आरंभ प्रिय व्यक्तीपासून किंवा वैऱ्यापासून न करता, प्रत्यक्ष हलाखीत असलेल्या एखाद्या माणसापासून करावा, असे तेथे सांगितले आहे. या सूचनेतील शहाणपण अनुभवाने पटते. ‘सर्व प्राणिमात्र दुःखमुक्त होवोत’ असे म्हणणे सोपे असते, कारण त्यात कोणाचाच चेहरा नसतो. म्हणून एकच माणूस घ्यावा, आणि तो आपण पाहिलेला असावा.

उदाहरणार्थ, दिवाळीच्या सुमारास आपल्याच शेतात कापूस वेचायला आलेली बाई आठवावी. तिची बोटे आठवावीत: उकललेल्या बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडेची कातडी सोलली जाते, म्हणून तिने बोटांना चिंधी गुंडाळलेली असते, आणि दुपारपर्यंत ती चिंधीही फाटते. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तशी पाठ वाकत जाते. सायंकाळी वजन होते आणि किलोमागे मजुरी मिळते. काट्यावर आकडा पाहताना तिची नजर कशी स्थिर होते, हे आपण पाहिलेले असते, पण त्याकडे कधी थांबून पाहिलेले नसते. हे चित्र मनात स्पष्ट झाले की सावकाश म्हणावे: ‘हा जीव कष्टात आहे, या दुःखातून तो सुटला तर किती बरे होईल.’ शब्द संपल्यावर छातीत जी किंचित हालचाल जाणवते तिच्यावर लक्ष ठेवून शांत बसावे. ती विरली की पुन्हा बोटे आठवावीत, पुन्हा शब्द म्हणावेत. संपूर्ण सकाळ एवढ्याच कामाला दिली तरी ती वाया गेली असे समजू नये.

मन थोडे मऊ झाल्यावर हीच कामना प्रथम प्रिय व्यक्तीकडे, नंतर जिच्याविषयी ना प्रेम ना राग अशा व्यक्तीकडे न्यावी. रोज ज्याच्या गाडीने तालुक्याला जातो पण ज्याचे नाव विचारलेले नाही, असा एसटीचा वाहक यासाठी योग्य आहे. शेवटी, सायंकाळच्या बैठकीत, ज्याच्याशी वैर आहे तो घ्यावा. आपल्याकडे तो बहुधा भावकीतला असतो आणि वादाचे मूळ बांधाच्या दोन-चार फुटांत असते. येथे एक गोष्ट स्पष्ट असावी: त्याच्यावर करुणा करणे म्हणजे त्याचा दावा मान्य करणे नव्हे. मोजणी होऊ द्यावी, खटला चालू द्यावा. कामना एवढीच करावी की रात्री त्यालाही झोप लागू न देणारी जी आग आहे, ती शमो. राग उसळला तर लगेच मागे यावे आणि पुन्हा कापूस वेचणाऱ्या बाईपासून सुरुवात करावी. ज्यांनी मारहाण किंवा अत्याचार सोसला आहे त्यांनी त्या व्यक्तीला ध्यानात आणण्याची सक्ती स्वतःवर मुळीच करू नये.

बुद्धघोषांनी करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. क्रौर्य हा दूरचा शत्रू आहे आणि तो सहज ओळखू येतो. शोक हा जवळचा शत्रू आहे, आणि तो करुणेसारखाच दिसत असल्याने साधक फसतो. दुसऱ्याचे दुःख आठवता आठवता आपण आपल्याच आठवणींत बुडून रडू लागलो, घसा दाटला, निराशा आली, तर ध्यान चांगले लागले असे समजू नये. डोळे उघडावेत, तोंडावर पाणी मारावे, काही वेळ चालावे आणि उरलेली बैठक केवळ श्वासावर पूर्ण करावी. घरात अलीकडे मृत्यू झाला असेल तर हे शिबिर काही महिने पुढे ढकलावे. ज्यांना दीर्घकाळ उदासीनता आहे त्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच करावे.

मौन सोडण्यापूर्वीची शेवटची पंधरा मिनिटे वही-पेन घेऊन बसावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राणिमात्रांवर दया करण्याबरोबरच त्यांचे पालन करण्याचीही प्रतिज्ञा घेतली होती. तेव्हा दिवसभर ज्यांचे ध्यान केले त्यांच्यापैकी एकासाठी येत्या आठवड्यात करता येईल असे एकच काम लिहावे, आणि ते मोजता येण्याजोगे असावे: वेचणीच्या हंगामापूर्वी वजनकाटा तपासून घेणे, शेतात सावलीला पाण्याचा माठ ठेवणे, सालदाराच्या मुलीच्या शाळेची फी भरणे, अंथरुणावरच्या सासऱ्यांजवळ रोज संध्याकाळी अर्धा तास बसणे. काम ठरले की घरच्यांना वाचून दाखवावे, म्हणजे विसरल्यास ते आठवण करून देतील. त्यानंतर रोज पहाटे वीस मिनिटे हीच साधना चालू ठेवावी. पुढचे शिबिर आषाढ पौर्णिमेला, वर्षावासाच्या (भिक्खूंच्या पावसाळ्यातील एका जागी मुक्कामाच्या) आरंभी घेता येते. पेरणीमुळे पूर्ण दिवस मिळाला नाही तर पहाटेच्या दोन बैठका तरी त्या दिवशी कराव्यात.