पत्र्याच्या भंगारातून एफजी २६०: ५०० किलोच्या हीटचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत इंडक्शन (विजेच्या) भट्टीवर ग्रे आयर्न, म्हणजे करडे बीड, ओतणाऱ्यांसाठी एका हीटचा, म्हणजे भट्टीच्या एका वितळणीचा, हा हिशेब आहे. पिग आयर्न (कच्चे बीड) न घेता सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पोलादी पत्र्याचे गठ्ठे, घरचे रनर-रायझर (ओतीव मालापासून तोडलेले जादा तुकडे, म्हणजेच रिटर्न) आणि सीआय बोरिंग (बिडाच्या मशिनिंगचा चुरा) एवढ्यावर एफजी २६०, म्हणजे किमान २६० एमपीए ताणशक्तीचे ग्रे आयर्न, नीट निघते. मात्र कार्बन बाहेरून द्यावा लागतो आणि भंगारातून नको ते भट्टीत जाऊ द्यायचे नाही.

आधी भंगार निवडा. बंद पाइप, शॉकअब्सॉर्बर, गॅसची टाकी कापून उघडल्याशिवाय भट्टीजवळही आणू नका. आत अडकलेले तेल, पाणी किंवा हवा तापून स्फोट होतो आणि माणसे भाजतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा बाजूला काढा. जस्त ९०७ अंशांनाच उकळते, पांढरा धूर सुटतो, भट्टीचे लायनिंग (आतले अस्तर) खराब होते. ॲल्युमिनियमचा तुकडा गेला तर ओतीव मालाच्या सालीखाली बारीक पिनहोल पडतात, ते मशिनिंग झाल्यावरच दिसतात. चुंबकाला न चिकटणारे स्टेनलेस शोधणे सोपे आहे. चिकटणारे स्टेनलेसही असते, म्हणून शंका आली की ग्राइंडरवर ठिणगी किंवा स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) नमुना बघा. त्यातल्या क्रोमियममुळे पातळ कडा पांढऱ्या आणि कडक होतात, टूल टिकत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात बोरिंग उघड्यावर ठेवू नका. गंजलेला चुरा स्लॅग (धातूवर तरंगणारी मळी) वाढवतो आणि कार्बन-सिलिकॉन खातो.

आता हिशेब. लक्ष्य कार्बन ३.३, सिलिकॉन १.९, मँगनीज ०.७ टक्के. सीई (कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे कार्बन अधिक सिलिकॉनचा सुमारे तिसरा हिस्सा) साधारण ३.९५. चार्ज: सीआरसीए २५० किलो, रिटर्न २००, बोरिंग ५०. रिटर्न आणि बोरिंगमधून सुमारे ८.२५ किलो कार्बन मिळतो, पत्र्यातून पाव किलो. लागतो १६.५. म्हणजे ८ किलो कमी. ९८ टक्के कार्बनचे सीपीसी (कॅल्साइन्ड पेट्रोलियम कोक) आणि ८५ टक्के रिकव्हरी (टाकलेल्यापैकी धातूत उतरणारा भाग) धरली तर ९.६ किलो टाका. तुमच्या भट्टीची रिकव्हरी वेगळी असेल. चार-पाच हीटचे आकडे वहीत लिहून स्वतःचा आकडा काढा, उसना घेऊ नका. फेरोसिलिकॉन ७० टक्क्यांचे सुमारे ५.७ किलो, फेरोमँगनीज १.६ किलो. लॅडलमध्ये (धातू ओतायच्या बादलीत) शेवटी द्यायच्या इनॉक्युलंटचे (पांढरे, कडक बीड होऊ न देणाऱ्या सिलिकॉनयुक्त भुकटीचे) सिलिकॉन यातून आधीच वजा केले आहे.

सीपीसी वितळलेल्या धातूवर शेवटी भुरभुरले तर ते स्लॅगमध्ये अडकून जळते आणि रिकव्हरी निम्म्यावर येऊ शकते. तळाशी थोडे रिटर्न, त्यावर सीपीसी, त्यावर पत्रा, असे थर लावा. बोरिंग कोरडे असेल तरच, आणि तेही सुरुवातीच्या चार्जमध्येच. ओले किंवा तेलकट बोरिंग पातळ झालेल्या धातूत टाकले तर धातू उडतो. रिटर्नवरची वाळू शॉटब्लास्ट करून काढा, नाहीतर ती वितळवण्याचे वीजबिल तुम्हीच भरता.

१४०० अंशांच्या आसपास स्लॅग काढून नमुना घ्या. आधी कार्बन जुळवा, मग फेरोसिलिकॉन. सिलिकॉन वाढले की कार्बन विरघळायला जड जातो. गंधकही बघा. सगळा पत्राच असेल तर ते ०.०५ टक्क्यांखाली उतरते आणि इनॉक्युलेशन नीट लागत नाही; तेव्हा आयर्न सल्फाइड थोडेसे, मोजून द्या. भंगार वाढले की नायट्रोजनही वाढतो आणि जाड भागात भेगांसारखे दोष दिसतात. अशा वेळी सीपीसीऐवजी कमी नायट्रोजनचे, ग्राफाइटी कार्बुरायझर (कार्बन देणारा पदार्थ) घ्या, महाग असले तरी.

१४८० ते १५०० अंशांना टॅप करा (भट्टीतला धातू लॅडलमध्ये घ्या), पण त्या तापमानावर भट्टी धरून ठेवू नका. सिलिका लायनिंगमध्ये जास्त तापमानाला कार्बन घटतो, सिलिकॉन वाढतो, आणि साचे तयार नाहीत म्हणून थांबलेली हीट हिशेबाबाहेर जाते. टॅपिंगच्या धारेत ०.३ टक्के, म्हणजे दीड किलो, कोरडे इनॉक्युलंट सोडा आणि सात-आठ मिनिटांत लॅडल रिकामे करा. उशीर झाला तर परिणाम ओसरतो.

ओतण्याआधी वेजचा (पाचरीच्या आकाराचा ओतलेला चाचणी-नमुना) तुकडा फोडून टोकाची पांढरी लांबी बघा. नेहमीपेक्षा जास्त असेल तर लॅडलमध्ये इनॉक्युलंट थोडे वाढवा, आणि पातळ भिंतीचा माल त्या लॅडलने ओतू नका.