काळ्या मातीची कुंडी भरताना

इंदूरची काळी माती सकस असते, पण कुंडीत नुसती तीच भरली की पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते आणि उन्हाळ्यात तडकते. मग घातलेलं पाणी भेगांतून सरळ खाली निघून जातं. म्हणून 2 भाग माती, 2 भाग चाळलेलं मुरलेलं खत आणि 1 भाग जाड वाळू घ्या. माती वाफशावर, म्हणजे चिखल न होता जेमतेम ओलसर असतानाच कालवा; ओली कालवली तर ढेकळं होतात.

सोयाबीनचं भुसकट इथे सहज मिळतं, पण ते कच्चं मिसळू नका. कुजताना ते मातीतलं नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. आधी शेण, थोडी माती आणि राख यांच्याबरोबर थर देऊन कुजवा, ओल राखा, अधूनमधून वरखाली करा. साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1920च्या दशकात इंदुरातच बसवलेली ही पद्धत इथल्या प्रत्येक अंगणात असायला हवी.

पानांचा रस शोषणारी बारीक कीड, म्हणजे मावा, दिसला तर 5 मिली कडुनिंबाचं तेल 1 मिली द्रव साबणात घोटून 1 लिटर कोमट पाण्यात मिसळा. साबण नसला तर तेल तरंगतं आणि पानं करपतात. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा.